काजवे मोजले कोणी?

दर वर्षी मृग नक्षत्राच्या आगेमागे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांतल्या काजव्यांनी लखलखलेल्या झाडांची छायाचित्रे आणि दुसरी म्हणजे ‘काजवे नामशेष होण्याच्या मार्गावर’ अशा मथळ्याची बातमी. यंदा बीड जिल्ह्यातल्या एका शिक्षकमित्राने ही दोन्ही कात्रणे मला पाठवली. सोबत बातमीच्या मुळाशी असलेल्या शोधनिबंधाची प्रतही होती. पत्रात प्रश्न होता : ‘शाळेमागच्या ओढ्यावर मुलांकडून काजव्यांची पाहणी करून घ्यायची आहे. नमुना म्हणून हा निबंध समोर ठेवावा का?’

उत्तर एका वाक्यात देता आले असते. पण प्रश्न मोलाचा आहे आणि तो अनेक शाळांना पडणारा आहे. म्हणून त्या निबंधाचे थोडे सविस्तर परीक्षण येथे करतो.

निबंध काय सांगतो?

हा निबंध ‘बायोसायन्स’ या नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या प्रा. सारा लुईस या त्याच्या प्रमुख लेखिका असून निरनिराळ्या देशांतले अभ्यासक सहलेखक आहेत. काजव्यांच्या जगभर दोन हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांना कशाकशापासून धोका आहे, हे ठरवणे हा निबंधाचा हेतू. निष्कर्ष थोडक्यात असा : पहिला धोका अधिवासाचा नाश, दुसरा रात्रीचा कृत्रिम प्रकाश आणि तिसरा कीटकनाशके. पूर्व आशिया व दक्षिण अमेरिका या भागांत मात्र कृत्रिम प्रकाशाला पहिला क्रमांक मिळाला. पाण्याचे प्रदूषण, पर्यटन, हवामानबदल वगैरे धोके त्यानंतर येतात.

आता महत्त्वाचा प्रश्न. हे क्रमांक आले कुठून? कुणी रात्री कंदील घेऊन हिंडले आणि प्रकाश वाढला तसे काजवे किती कमी झाले, हे मोजले का? तसे नाही. काजव्यांच्या अभ्यासकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाला प्रश्नावली पाठवण्यात आली. आलेल्या उत्तरांमध्ये प्रत्येकाने आपापल्या प्रदेशातल्या धोक्यांना गुण दिले होते. त्या गुणांची सरासरी काढून क्रम लावला गेला. म्हणजेच ही काजव्यांची गणती नव्हे. ही जाणकारांच्या मतांची गणती आहे.

यात लपवाछपवी मुळीच नाही. पद्धत लेखकांनी उघडपणे सांगितली आहे आणि काजव्यांच्या बहुतेक जातींबाबत दीर्घकालीन मोजमाप उपलब्ध नाही, हेही मान्य केले आहे. जिथे मोजमाप नाही तिथे अनुभवी माणसाला विचारणे ही गैर गोष्ट नव्हे. वैद्यसुद्धा तपासणीचे अहवाल हाती येण्यापूर्वी अनुभवाने अंदाज बांधतातच. गफलत झाली ती पुढे. वर्तमानपत्रांनी ‘असे जाणकारांना वाटते’ हे तीन शब्द गाळले आणि अंदाजाला मोजमापाची प्रतिष्ठा मिळाली.

मतांच्या सरासरीत काय हरवते?

या पद्धतीच्या तीन मर्यादा मला दिसतात.

पहिली मर्यादा अशी, की मत नेहमी पाहणाऱ्याच्या जागेवरून येते. ज्या देशांत काजव्यांचे अभ्यासक अधिक, त्या देशांतले धोके ठळक उमटतात. जिथे अभ्यासकच विरळ, तिथला धोका प्रश्नावलीत शिरतच नाही. मराठवाड्याचे उदाहरण घ्या. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात ठिकठिकाणी नाल्यांचे खोलीकरण व रुंदीकरण झाले. दुष्काळी जिल्ह्याला पाण्याची गरज होती, त्याबद्दल वाद नाही. पण यंत्राने नाला रुंद करताना काठची ओलसर माती, गवत व झुडपे निघतात. आणि काजव्याची अळी राहते ती नेमकी अशा जागी. कामाआधी त्या काठांवर काजवे किती होते आणि नंतर किती उरले? कुणीही मोजलेले नसेल, तर ‘काही फरक पडला नाही’ आणि ‘सगळे संपले’ ही दोन्ही विधाने सारखीच निराधार ठरतात.

दुसरी मर्यादा : प्रश्न ‘तज्ज्ञांना’ विचारले गेले. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. फडात, बैलगाडीबरोबर, कोपीवर त्यांच्या कितीतरी रात्री उघड्यावर जातात. मृगाच्या तोंडावर ती गावी असतात. कोणत्या ओढ्याकाठी पूर्वी काजवे असत, कोणत्या साली ते दिसेनासे झाले, हे त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांना विचारले तर काही ना काही हाती लागेल. तेही मतच असेल, पण ते त्या जागेचे मत असेल.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. धोक्यांची सरसकट यादी हाती आली की उपायही सरसकट सुचू लागतात. ‘प्रकाश कमी करा, कीटकनाशके टाळा, झाडे लावा.’ सल्ला वाईट नाही. पण काजवा आयुष्याच्या कोणत्या टप्प्यात कुठे असतो, हे कळल्याशिवाय नेमके काय वाचवायचे हेच कळत नाही. हे समजून घेण्यासाठी आपल्याला बीडपासून फार दूर, मलेशियातल्या एका खारफुटीच्या नदीवर जावे लागेल.

सेलंगोर नदीचा धडा

कुआलालंपूरच्या वायव्येला सेलंगोर नदी समुद्राला मिळते. मुखापासून थोडे आत, कांपुंग कुआंतान या गावाजवळ नदीच्या दोन्ही काठांवर ‘बेरेंबांग’ नावाची झाडे आहेत. महाराष्ट्राने २०२० साली ज्या पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून घोषित केले, तिच्याच प्रजातीतले हे झाड. खाऱ्या पाण्यात गोडे पाणी बऱ्यापैकी मिसळते अशा जागी ते वाढते. रात्री या झाडांवर ‘टेरॉप्टिक्स टेनर’ जातीचे काजवे जमतात आणि सगळे नर एका तालात लुकलुकतात. पर्यटक नावेत बसून ते पाहतात.

पाहणी करणाऱ्याच्या दृष्टीने ही जागा म्हणजे वरदान आहे. काजवे विखुरलेले नसून ठरावीक झाडांवर असतात. नावेतून त्याच झाडांसमोर पुन्हापुन्हा जाता येते. झाडांना क्रमांक देता येतात. या महिन्यात चौदा नंबरच्या झाडावर किती, पुढच्या महिन्यात किती, अशी नोंद ठेवता येते. आपल्याकडे माळरानावर आणि ओढ्याकाठी विखुरलेल्या काजव्यांबाबत ही सोय नसते.

पण हेच वरदान फसवेही आहे. झाडावर चमकणारे काजवे हे प्रौढ. प्रौढ काजव्याचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे. त्याआधी अळी म्हणून तो महिनोन्‌महिने जगतो, आणि ती अळी झाडावर राहतच नाही. ती राहते नदीकाठामागच्या दमट, सावलीच्या जमिनीत आणि तिथल्या बारीक गोगलगायी खाते. म्हणजे ज्या झाडावर काजवा मिरवतो ते त्याचे लग्नघर. त्याचे बालपण वेगळ्याच ठिकाणी जाते. नदीलगतच्या झाडांची एक रांग राखली आणि मागची जमीन तेलमाडाच्या लागवडीला किंवा कोळंबीच्या तळ्यांना दिली, तर नावेतून पाहणाऱ्याला सारे काही ठीकठाक दिसेल. झाडे उभी, काठ हिरवा. फक्त पुढच्या पिढीचे काजवे येणार नाहीत.

पाण्याचेही तसेच. नदीच्या वरच्या अंगाला या शतकाच्या सुरुवातीला धरण बांधले गेले. खाली येणारे गोडे पाणी घटले, तर खारे पाणी आत सरकते आणि बेरेंबांगच्या जागेला धोका पोचतो. तेव्हा या नदीवरच्या काजव्यांचा हिशेब काठ, मागची जमीन आणि वरून येणारे पाणी अशा तीन ठिकाणी ठेवावा लागतो. २०१० साली सेलंगोर येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिसंवादात काजव्यांच्या संवर्धनाचा जाहीरनामा तयार झाला, यामागे या नदीचा अनुभव होता. बायोसायन्समधील निबंधातही खारफुटी तोडून केलेल्या तेलमाडाच्या व मत्स्यशेतीच्या लागवडीचा उल्लेख आहे. त्याचा हा भाग मला सर्वांत भक्कम वाटतो, कारण येथे कारण आणि परिणाम यांच्यातली साखळी दाखवता येते. सरासरीच्या तक्त्यात मात्र ही साखळी ‘अधिवासाचा नाश’ या दोन शब्दांत मिटून जाते.

छायाचित्र म्हणजे मोजणी नव्हे

आता दुसऱ्या कात्रणाकडे, म्हणजे भंडारदऱ्याच्या छायाचित्राकडे वळू. अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात मेअखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत काजव्यांचा बहर असतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते दिसतात. छायाचित्रात झाड प्रकाशबिंदूंनी भरून गेलेले असते आणि मुले सहज म्हणतात, ‘केवढे हे काजवे! हजारो!’

येथे फळ्यावर एक सोपे गणित मांडावे. समजा झाडावर ४० काजवे आहेत आणि प्रत्येक काजवा दर दोन सेकंदांनी एकदा चमकतो. कॅमेऱ्याची झडप ३० सेकंद उघडी ठेवली, तर प्रत्येक काजव्याचे १५ ठिपके उमटतील. काजवे जागा बदलत असतील, तर चित्रात ४० × १५ = ६०० ठिपके दिसतील. अशी २० चित्रे एकावर एक ठेवून एकच चित्र बनवण्याची रीत छायाचित्रकारांत आहे. मग ठिपके झाले १२,०००. काजवे मात्र ४० चे ४०. चित्र खोटे नाही. पण ते चमकांचे चित्र आहे, कीटकांचे नाही. शिवाय तापमान वाढले की काजवे अधिक भराभर चमकतात. म्हणजे उबदार रात्री तेवढेच काजवे अधिक ठिपके उमटवतील! मुलांना एकक म्हणजे काय, हे शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

डोळाही कॅमेऱ्याइतकाच फसवा असू शकतो. हजारो काजवे एका तालात चमकतात, असे पूर्वेकडून परतणारे प्रवासी सांगत, तेव्हा पाश्चात्त्य वैज्ञानिकांना ते खरे वाटत नसे. १९१७ साली फिलिप लॉरेंट नावाच्या गृहस्थांनी ‘सायन्स’ नियतकालिकाला कळवले, की हा सारा पाहणाऱ्याच्या पापण्यांच्या उघडझापीचा खेळ आहे! पुढे १९६०च्या दशकात जॉन व एलिझाबेथ बक या दांपत्याने थायलंडमध्ये काजव्यांचे चित्रीकरण केले. काही काजवे त्यांनी बँकॉकमधल्या हॉटेलच्या अंधाऱ्या खोलीत सोडले, तेव्हा ते हळूहळू एकमेकांशी ताल जुळवू लागले. शंका घेण्यात लॉरेंट यांची चूक नव्हती. शंकेवरच थांबले, ही चूक. बक दांपत्याने तीच शंका तपासून पाहिली.

भंडारदऱ्याच्या पर्यटनाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. मेक्सिकोतील एका काजव्याची मादी उडू शकत नाही. ती जमिनीलगत असते आणि तिथे पर्यटकांच्या पायांचा धोका तिला सर्वाधिक. आपल्याकडच्या साऱ्याच जातींच्या माद्या अशा नाहीत. पण काही भारतीय काजव्यांच्या माद्या पंखहीन, अळीसारख्या दिसणाऱ्या असतात. आणि अळ्या तर सर्वच जातींच्या उडू न शकणाऱ्या. लुकलुकणाऱ्या झाडाकडे पाहत माणूस ज्या गवतात उभा राहतो, त्या गवतात पुढच्या वर्षीचे काजवे असू शकतात. पायवाट सोडू नये, या नियमामागचे कारण हे आहे. त्या भागातल्या आदिवासी कुटुंबांना या पर्यटनातून चार पैसे मिळतात, ते मिळायलाच हवेत. आणि त्यासाठीच काजवे टिकायला हवेत.

बीडची गोगलगाय

‘आमच्याकडे ना खाडी, ना खारफुटी, सेलंगोरचा आम्हाला काय उपयोग?’ असे कुणी म्हणेल. उपयोग आहे, आणि तो गोगलगायीपाशी आहे.

२०२२च्या पावसाळ्यात बीड, लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. अनेक शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. त्या वर्षी विषारी आमिष म्हणून मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचे नाव गावोगाव ठाऊक झाले. तिकडे मलेशियात गोगलगाय म्हणजे काजव्याचे अन्न, म्हणून ती टिकवायची. इकडे ती पिकाची वैरी, म्हणून मारायची. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत. काजव्यांच्या अनेक जातींच्या अळ्या गोगलगायी खातात, तेव्हा बांधावरची अळी व शेतातली गोगलगाय यांचा संबंध तपासण्याजोगा आहे. मात्र ‘काजवे असते तर सोयाबीन वाचले असते’ असे वर्गात सांगू नका. त्याला पुरावा नाही. जगाच्या सरासरीत ‘कीटकनाशके’ एवढा एकच रकाना आहे. आपल्या शिवारात त्या रकान्याचे नाव काय, ते कधी व कुठे वापरले जाते, हे आपणच लिहायचे आहे.

मग शाळेने काय करावे?

शिक्षकमित्राच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. हा निबंध जरूर वाचावा, पण पाहणीचा नमुना म्हणून घेऊ नये. नमुना घ्यायचा तर नदीवरच्या क्रमांक दिलेल्या झाडांचा घ्यावा. तो असा :

ओढ्याच्या कडेने पाच जागा ठरवाव्यात आणि त्यांना क्रमांक द्यावेत. त्यांतल्या निदान दोन दिव्याच्या खांबाजवळ व दोन पूर्ण अंधारात असाव्यात, म्हणजे तुलना करता येईल. मेअखेरीपासून जुलैअखेरीपर्यंत आठवड्यातून एकदा, सूर्यास्तानंतर ठरावीक वेळेने जावे. प्रत्येक जागी पाच मिनिटे दिवा न लावता उभे राहावे, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात. मग एका मिनिटात दिसलेल्या चमका दोघांनी स्वतंत्रपणे मोजाव्यात आणि दोन्ही आकडे लिहावेत. त्यांची सरासरी काढून मूळ आकडे खोडू नयेत. ‘चमका’ असेच लिहावे, ‘काजवे’ नव्हे. सोबत तापमान, चंद्र, पाऊस, वारा यांची नोंद असावी. काजवे पकडू नयेत. पावसाळ्याच्या रात्री घोणस, मण्यार यांचा वावर असतो. तेव्हा मोठी माणसे बरोबर, पायांत उंच बूट, जाता-येताना हातात विजेरी आणि विहिरीकडची वाट वर्ज्य, हे नियम काटेकोरपणे पाळावेत. घरून परवानगी नसेल त्या मुला-मुलींनी दिवसा वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. तेही काम तितकेच मोलाचे आहे. फक्त त्याची वही वेगळी ठेवावी. आठवण आणि मोजणी एका वहीत मिसळू नये.

आणि एक गोष्ट विसरू नये. एकही चमक दिसली नाही, तर शून्य लिहावे. हजेरीपटात मूल आले नाही तर आपण ‘गैरहजर’ अशी खूण करतो, चौकट कोरी सोडत नाही. कोरी चौकट म्हणजे त्या दिवशी हजेरीच घेतली नाही. उत्तर अमेरिकेतल्या सव्वाशेहून अधिक काजव्यांचा आढावा २०२१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा किमान १८ जाती धोक्यात असल्याचे दिसले. पण निम्म्याहून अधिक जातींपुढे ‘माहिती अपुरी’ असा शेरा मारावा लागला. म्हणजे इतक्या साधनसंपन्न देशांतही हजेरीपटाच्या निम्म्याहून अधिक चौकटी कोऱ्याच होत्या.

एका वर्षाच्या आकड्यांवरून काजवे वाढले की घटले, हे सांगता येणार नाही. दोन वर्षांवरूनही नाही. एखादे साल कोरडे गेले की काजवे कमीच दिसणार. पाच-सहा वर्षे ही वही चालली, एका तुकडीने दुसरीच्या हाती सोपवली, तर त्या ओढ्याबद्दल बोलण्याचा अधिकार त्या शाळेला मिळेल. उद्या ओढ्याच्या काठाला सिमेंट करायचे ठरले किंवा वळणावर मोठा दिवा लावायचे ठरले, तर ग्रामसभेत वही उघडून सांगता येईल, की तीन नंबरच्या जागी आजवर इतके होते. हे मत नव्हे, मोजमाप आहे.

तेव्हा, गुरुजी, वही घाला. पहिल्या पानावर ओढ्याचा नकाशा काढा आणि पाच जागांना क्रमांक द्या.